नबहानच्या पत्त्यावर

भोंग्याच्या खांबाखाली बसून खल्फान मघापासून हाका मारत होता. तोंडाने नव्हे, लॅपटॉपवरून. पिंग म्हणजे दुसरं काय असतं? "आहेस का?" विचारायचं आणि "आहे" ऐकायचं. वर डोंगरात, वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या, उगमापाशी त्याने कालच पाण्याची पातळी मोजणारं नवं यंत्र बसवलं होतं. त्याच्या पोटात सिमकार्ड, इथे भोंग्याच्या पोटातही सिमकार्ड. वर पाणी चढलं की यंत्राने भोंग्याला कळवायचं आणि भोंग्याने गावाला. दोघंही मस्कतच्या कचेरीशी नीट बोलत होते. एकमेकांशी मात्र अबोला.

यंत्राची हाक भोंग्याला पोहोचेना, म्हणून खल्फानने उलटं करून पाहिलं. भोंग्यावरून यंत्राच्या पत्त्यावर हाक मारली. ताबडतोब उत्तर आलं, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव पडद्यावर उमटलं: नबहान.

खल्फानने नाव पुन्हा वाचलं. त्याने मस्कतमार्गे वरचं नवं यंत्र घटकाभर चक्क बंद केलं आणि पुन्हा विचारलं. आहेस का? आहे, नबहान म्हणाला.

जुन्या यंत्राला स्वतःचं नाव देण्याचा चावटपणा त्याचा सहकारी नबहान याचाच. कचेरीतून सिमकार्ड येईना, तेव्हा ते स्वतःच्या नावावर घेऊन मोकळा झाला तोही तोच. गेल्या हिवाळ्यात यंत्राला बसलेला गाळ काढायला तो वादीत उतरला आणि लोंढ्याने त्याला आणि यंत्राला दोघांनाही नेलं. नबहान दुसऱ्या दिवशी सापडला. त्याच्या जनाज्याला खल्फानने खांदा दिला होता. यंत्र काही सापडलं नाही.

त्याने टेलिफोन कंपनीतल्या रय्याला फोन लावला.

"सुट्टीच्या तोंडावर तुला बरी मी आठवते," ती म्हणाली. मग तिने शोधलं आणि तिचा आवाज उतरला. "खल्फान, ते जुनं सिम जिवंत आहे. दर महिन्याला कुणीतरी रिचार्ज करतंय. नव्या यंत्राला तुम्ही तोच पत्ता मागितलात, पण तिथे आधीच बिऱ्हाड आहे. म्हणून नव्याला तात्पुरता पत्ता मिळालाय, आणि अनोळखी पत्त्याला तुमचा भोंगा दार उघडत नाही."

"मग जुनं बंद कर."

"ज्याच्या नावावर आहे त्याची सही आण."

"तो मेलाय, रय्या."

"मग मृत्यूचा दाखला, आणि शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून आमची कचेरी उघडणार रविवारी. भोंग्यालाच नवा पत्ता शिकव ना."

"तो बदलायचे नि हाताने वाजवायचे, दोन्ही पासवर्ड मस्कतच्या कचेरीकडे. तीही रविवारीच उघडणार."

रय्याने अजून थोडं शोधलं. "जुनं सिम अस-सिद्राच्या टॉवरवरून बोलतंय."

अस-सिद्रा. नबहानच्या आईची वाडी, उगम आणि गाव यांच्या मधल्या टेकडीवर.

म्हणजे वर्षभर वर यंत्रच नव्हतं, आणि तरी कचेरीतल्या यादीत नबहानच्या नावापुढे हिरवी खूण होती, म्हणून नवं यंत्र यायलाही वर्ष लागलं. विचारलं की उत्तर येतंय ना, मग झालं. वाहून गेलेलं यंत्र उत्तर कसं देतं, हे विचारावं असं कचेरीतल्या एकालाही वाटलं नाही. खल्फानलाही वाटलं नव्हतं.

डोंगरावर ढग काळे होत होते. खाली वादीच्या कोरड्या पात्रात पोरं फुटबॉल खेळत होती, गुरुवार म्हणून घरंच्या घरं चटया टाकून मांस भाजत होती. खल्फानने त्यांना उठायला सांगितलं.

"भोंगा वाजला की उठू की," एक म्हातारा हसून म्हणाला. "तेवढ्यासाठीच तर बसवलाय ना तो तुम्ही?"

खल्फानने गाडी टेकडीकडे पिटाळली.

नबहानच्या आईने, झुवैनाने, दार उघडलं, खजूर पुढे केले, कॉफी ओतली. मग रीतीप्रमाणे विचारलं, "काय खबर?"

"खबर काही नाही, उम्म नबहान. सगळं ठीक. तुमच्याकडे?"

"सगळं ठीक."

असंच म्हणायचं असतं, घरात आग लागलेली असली तरी. खरं बोलणं नंतर. पण फडताळावर, कुराणाच्या शेजारी, चिखल पुसलेलं ते यंत्र होतं, त्याचा दिवा लुकलुकत होता, आणि खल्फानने कप खाली ठेवला.

"एका धनगराला गाळात मिळालं," ती म्हणाली. "भाच्याने वाळवून तार जोडली, तर जीव धरला त्याने. सिमचे पैसे मी भरते. बघ, थोड्या थोड्या वेळाने लुकलुकतं. भाचा म्हणतो, लुकलुकलं म्हणजे कुणीतरी हाक मारली आणि याने ओ दिली. वर्ष झालं, बाळा. माझ्या पोराची चौकशी इतकी कोण करतंय?"

खोटं बोलणं सोपं होतं. खल्फानला ते जमलं नाही.

"खालचा भोंगा करतो. वर पाणी आलंय का, विचारतो."

"आणि हा काय सांगतो?"

"मी आहे, सगळं ठीक आहे."

ती फडताळाकडे वळली. बाहेर पहिली गडगड झाली.

"पाणी आलं तरी हेच सांगेल?"

"हेच सांगेल. आणि हा बोलतोय तोवर नव्या यंत्राचं कुणी ऐकत नाही."

झुवैना उठली. तिने भिंतीतली तार ओढली. दिवा तरीही लुकलुकला, आतल्या बॅटरीवर.

"अजून बोलतोय," ती म्हणाली. खल्फान पुढे झाला तसं तिने त्याला मागे सारलं. "तू नको. सांग कुठे ते." त्याने झाकण दाखवलं. तिने नखाने सिम काढलं आणि मुठीत धरलं.

खल्फानने सिम निघाल्याचं रय्याला सांगितलं, नवं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि फोनवर वाट बघत बसला. आहेस का? नाही. आहेस का? नाही. मग रय्या म्हणाली, "आलं पत्त्यावर," आणि वरून उत्तर आलं. त्यात नाव नव्हतं, नुसता आकडा होता. पाण्याची पातळी. पुढच्या उत्तरात ती दुप्पट होती.

खालून भोंगा वाजू लागला. टेकडीवर तो बारीक पण स्पष्ट ऐकू येत होता. दोघं दारात येऊन उभी राहिली. पात्रातली माणसं चटया तिथेच टाकून, पोरांना दंडाला धरून काठावर चढत होती. सगळी चढली, आणि मग वळणावरून तपकिरी पाणी आलं.

"तो गेला त्या दिवशी हा वाजला होता?" झुवैनाने विचारलं.

"वाजला होता. नबहानच्या यंत्रानेच कळवलं होतं. गाव वाचलं."

"त्याला ऐकू आला?"

"नाही, उम्म नबहान. भोंगा पार खाली आहे. तो उगमापाशी होता."

"यंत्राच्या शेजारी."

"हो."

"म्हणजे त्या यंत्राने सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली, "आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या पोराला नाही."

भोंगा वाजतच होता.