आमच्या घराण्यात दमा न्हाई

पुष्पावती माझी धाकटी जाऊ. तिला दमा हुता, हे सासरी मला एकटीलाच ठावं. चुलीमागं लपून गोळी गिळताना मी तिला धरली, तवा पाया पडली माझ्या. तिच्या आईनं, रतनबाईनं, लगीन जमवताना लपवलं हुतं. दमा रक्तात असतो, लेकराबाळांत उतरतो म्हनं; मग असली पोरगी कोन करील? रतनबाई घोडेगावच्या बाजाराला आली की डाक्टरच्या गोळ्या कनवटीला लावून आनायची, गुपचूप लेकीला द्यायची. आता रतनबाईची धाकटी लेक छबू आमच्या सासूच्या भाच्याला ठरलेली. मग तर काय, तोंडाला कुलूपच!

बहात्तरचा दुष्काळ. आमी समद्या खानीवर खडी फोडायला जायचो. धुरळा नुसता! पुष्पाच्या गोळ्या सरलेल्या. एका दुपारी ती दगडावर बसली ती उठंना. छातीत शिट्टी वाजाय लागली, व्हट काळं पडलं. मी पाठंगुळी घेऊन घरी आनली.

सासू, रंगुबाई, भेदरली. "हे भाईरचं हाय! खानीवर झपाटली पोर. धुरी द्या!" तिच्या मनात पाप न्हवतं, तिला ठावंच न्हवतं, तर ती काय करनार? इस्तवावर मिरच्या-मोहऱ्या टाकल्या, पुष्पाला म्होरं बसवून डोक्यावरनं घोंगडी घातली.

बाजाराचा दिस हुता; तेवढ्यात रतनबाई दारात उभी. माझ्या जिवात जीव आला. मी वरडले, "आत्याबाई, धुरी काढा! दमा हाय तिला! ईचारा तिच्या आईला!"

सासूनं घोंगडी उचलली. "व्हय का वो, इहीनबाई?"

रतनबाईनं लेकीकडं बघितलं, मग सासूकडं.

"न्हाई वो. आमच्या घराण्यात दमा न्हाई."

घोंगडी परत खाली आली. धुरी सरली की गुपचूप गोळी देऊ, असं त्या बयेला वाटलं आसंल. मी घोंगडी वढाय गेले तर शेजारनींनी मलाच धरलं. आतनं पुष्पा "आये, आये" करत हुती. मग तेबी थांबलं.

घोंगडी काढली तर पोर गेलेली.

रतनबाईनं टाहो फोडला, जमिनीवर आंग टाकलं. कनवट सुटली आन पांढऱ्या गोळ्या घरभर सांडल्या. सासूनं एक उचलली. "ह्या कशाच्या वो?"

लेक म्होरं मरून पडलेली, आन ती बया डोळं पुसत गोळ्या गोळा कराय लागली.

"माझ्या हायेत," म्हनली. "डोकं दुखतं माझं."