आमदारांचा वर राहिलेला हात

आता जे सांगतो ते तुम्हाला पटणार नाही, पैज लावा. माझ्या बायकोला अजून पटलेलं नाही, आणि ती तर तिथं हजर होती!

तर, आपल्या नाल्याकाठच्या गल्लीत एक शिंपी होता. कात्रीपेक्षा जीभ जोरात चालायची, म्हणून लोकांनी त्याला नगरपालिकेवर निवडून दिलं. विजयाच्या मिरवणुकीत हा उघड्या जीपमध्ये उभा राहून सकाळपासून सगळ्यांना हात करतोय. गॅलरीतल्यांना, रस्त्यावरच्यांना, विजेच्या खांबावरच्या कावळ्यालासुद्धा. संध्याकाळी जीप थांबली, बँड थांबला, हात काही खाली येईना.

"अहो, घरात कुणाला टाटा करताय?" बायको म्हणाली.

"अगं, अडकलाय!"

तेल चोळलं, शेक दिला, मेहुणा हाताला लोंबकळला. हात ढिम्म. मग शिंपीच तो, आभाळाकडं उघडणाऱ्या बाहीचा सदरा शिवला आणि कामाला लागला.

पण नशीब बघा! नगरपालिकेच्या सभेत अध्यक्ष मान वर करतील तेव्हा याचा हात वर. "बोला," ते म्हणायचे. याच्याकडं विषय एकच, नाल्यावरचा पूल. चर्चा गटाराची, हा पुलावर. चर्चा दिव्यांची, हा पुलावरच. अध्यक्ष इतके वैतागले, की त्यांनीच धावपळ करून याला आमदारकीचं तिकीट मिळवून दिलं. "जा बाबा, आता राजधानीचं डोकं खा!"

निवडून आला. निघताना बायकोनं दम भरला. तिचं माहेर नाल्यापलीकडं. "पूल मंजूर करून या, नाहीतर मी चालले तिकडं. न्यायला यायचं तर पोहत यायचं!"

शिंप्यानं मान वर करून हाताकडं बघितलं. एक हात वर ठेवून पोहायचं कसं?

पूल मंजूर होणार, तर नेमकं सरकार डळमळलं. सरकार पडलं की पूलही पडला, बांधायच्या आधीच. सभागृहात मतदान ठेवलं, सगळा एका मताचा खेळ. सरकारच्या बाजूच्यांनी हात वर केले, याचा होताच. मग सभापती म्हणाले, "आता विरोधातल्यांनी."

याचा अजून वरच!

"मोजा तो हात!" विरोधी पक्षनेते याच्या पुढच्याच बाकावर चढून गरजले.

"अहो, माझा तो तसाच असतो!"

"दिसेल तो हात मोजणार," सभापती म्हणाले, आणि मोजत जवळ यायला लागले.

शिंप्याला पाण्यापलीकडं पाठमोरी बायको दिसायला लागली. "उतर रे राजा, उतर," तो हाताच्या विनवण्या करतोय, तोवर नेत्यांनी पुन्हा गरजायला पोट फुगवलं. पाटलोणीचं बटण गोळीसारखं सुटलं, सभापतींच्या टेबलावरची घंटी वाजवून गेलं, आणि पाटलोण निघाली खाली.

आता शिंपी आमदार झाला म्हणून काय झालं? डोळ्यांदेखत पाटलोण घसरू देईल? जन्माचा अडकलेला हात सप्पकन खाली आला आणि त्यानं पाटलोण कमरेशी गच्च धरली! सभापती पुढं निघून गेले. सरकार वाचलं, नेत्यांची अब्रू वाचली, आणि पूल झाला. असा रुंद, की दोन ट्रक शेजारी शेजारी जावेत. कडेनं दिवे, मधे बसायला बाकं, आणि शिंप्याची बायको चुलीवर दूध ठेवून माहेरी जाते ती उतू जायच्या आत परत...

"आजोबा!" दूधवाल्या मावशीनं किटली आपटली. "पूल झालाय ना? मग आपण सगळे सकाळपासून नाल्याकाठी होडीची वाट बघत कशाला बसलोय?"