अनुसयामाईचं वाण

"उतरलं गं बाई, तीन किलो उतरलं!"

द्वारकाबाई गुलाबी वजनकाट्यावर उभ्या होत्या आणि रेल्वे कॉलनीच्या हॉलमधल्या साऱ्या बायका त्यांच्या पायांशी वाकून आकडा बघत होत्या. मागच्या आठवड्यातला आकडा सगळ्यांना पाठ होता. टाळ्या पडल्या. एकीने तर हळदीकुंकवाचं तबक बाजूला ठेवून काट्यालाच नमस्कार केला. संक्रांत होऊन आठवडा झाला तरी बाहेर पतंगांनी जयपूरचं आभाळ गच्च भरलं होतं, आणि आत बायका त्यांच्याही वर गेल्या होत्या.

समोर खुर्चीत अनुसयामाई. वैशाली नगरात बंगला, मोतिया रंगाची साडी, रुपयाएवढं कुंकू. आमेरच्या डोंगरातल्या एका मौनी साध्वीने म्हणे त्यांना चूर्णाची कृती सांगितली होती. मौनी साध्वीने सांगितली कशी, हे विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारणीने चिमटा काढला.

"चरबी म्हणजे काय गं?" माई डोळे मिटून म्हणाल्या. "मागल्या जन्मीचं पाप अंगावर साचतं, ती चरबी. माझं चूर्ण पाप धुतं. पोळी खा, तूप खा, दाल-बाटी खा. पाप गेलं की माप गेलं!"

"पण माई, दिवसभर सारखं जावं लागतं हो," एक हळूच कुरकुरली.

"जाणारच! पाप काय दारात रेंगाळत बसेल?"

हॉल हसला. पहिली पुडी फुकट होती, संक्रांतीचं वाण म्हणून. बाईची खरी हुशारी इथे होती. सवाष्णीने हातावर ठेवलेलं वाण नाकारणार कोण? मुलखापासून इतक्या लांब येऊन पडलेल्या आमच्या बायका तर एकेक रीत जिवापलीकडे जपायच्या. पुडी घरोघर गेली. पुढच्या पुडीला पैसे पडायचे, आणि ती घ्यावीच लागायची. कारण चूर्ण थांबवलं की उतरलेलं सगळं परत चढायचं.

अक्षदानेही वाण घेतलं. गार्ड सर्जेराव आणि सुलोचना यांची ही मुलगी, गोपालपुऱ्याच्या क्लासमध्ये गणित शिकवायची. लग्न ठरलेलं होतं. पुण्याहून होणाऱ्या सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "मुलगी छानच आहे, तेवढी लग्नापर्यंत हलकी करा." सुलोचनाने लेकीला बजावलं होतं, "वाण देवापुढं ठेव, तोंडात घालू नगंस." पण पोरगी गुपचूप माईंकडे गेली. माईंनी डोळे मिटून निदान केलं, "तुझं पाप जुनं आहे. दुप्पट घे."

भरल्या वर्गात, हातात खडू असताना, अक्षदा फळ्यासमोर कोसळली.

रेल्वेच्या दवाखान्यात विदर्भातून नवी आलेली डॉक्टर गौतमी होती. तिने नाडी धरली आणि तिचा चेहरा बदलला. "हिच्या अंगात पाणीच नाही. पाण्यासोबत क्षारही वाहून गेलेत, म्हणून हृदयाचे ठोके चुकताहेत. काय घेत होती ही?"

सुलोचनाने पुडी पुढे केली. मग लेकीच्या उशाशी बसून, साताऱ्याकडच्या जात्यावरच्या चालीत पुटपुटत राहिली:

लेक माझी भरलेली, जोंधळ्याचं रान
कोण्या टोळानं खाल्लं गं, हिरवं हिरवं पान

अक्षदा वाचली. माई मात्र कॉलनीभर सांगत फिरल्या, "तिच्या मनात शंका होती, म्हणून पाप उलटलं." आणि बायका माना डोलवत दुसरी पुडी घेत होत्या.

हे सुलोचनाच्या कानावर आलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिने मूठ अशी आवळली की कणीक बोटांच्या फटींतून वर आली. गौतमीने पुडी तपासून घेतली होती. आत काय आहे आणि ते किती वेळात काम करतं, हे तिने सुलोचनाला सांगितलं.

"तुमी सांगून ह्या ऐकणार न्हाईत, डॉक्टरीणबाई," सुलोचना म्हणाली. "मी तिच्याच तोंडून काढते."

रथसप्तमीला सुलोचनाकडे शेवटचं हळदीकुंकू होतं. मानाचा पाट माईंचा, सोबत त्यांचा गुलाबी काटाही आला होता. दारात रांगोळीचा रथ. कोपऱ्यात गौतमी रक्तदाबाचं यंत्र घेऊन बसली होती. "आमच्या घरी हळदीकुंकू करत नाहीत, पण आज मी चुकवणार नव्हते," ती मला म्हणाली.

"माई, आधी तुमी काट्यावर," सुलोचना हात जोडून म्हणाली. "आमाला दर्शन होऊ द्या."

माई ऐटीत उभ्या राहिल्या. द्वारकाबाईंनी आकडा मोठ्याने वाचला, "बासष्ट!"

मग सुलोचनाने पेला पुढे केला. "तुमचंच चूर्ण, ताकातून. माझ्या लेकीला सांगितलं तेवढंच. दुप्पट."

माईंचा हात मागे गेला. "आज माझी उपासना..."

"वाण हाय, माई. सवाष्णीचं वाण परत करता?"

सगळ्या बायका बघत होत्या. माईंनी डोळे मिटले, या वेळी खरोखरच भीतीने, आणि पेला रिकामा केला.

पुढे सुलोचनाने घाई म्हणून केली नाही. औक्षण केलं, गाणी म्हटली, प्रत्येकीला नाव घ्यायला लावलं. तासाभराने माई पाटावर चुळबुळायला लागल्या. पायाची बोटं आवळू लागल्या. शेवटी उठल्याच, तर दारात सुलोचना आडवी. नव्या नवरीला घरात घेताना अडवतात तशी.

"नाव घ्या, माई!"

"अगं, सोड! जयपूरच्या आभाळात पतंगांची दाटी, प्रभाकररावांचं नाव घेते हळदीकुंकवासाठी! सोड आता!"

"हे न्हवं. पुडीतल्याचं नाव घ्या."

आणि तिने चाल धरली:

दारी रांगोळीचा रथ, त्याचं उगवतीला तोंड
नाव घेतल्याबिगर माई, नाही सुटायची ही कोंड

दोघी-चौघींनी सूर मिळवला. मीही मिळवला, खोटं कशाला बोलू? माई एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होत्या.

"सोनामुखी!" त्या किंचाळल्या.

"आनि?"

"लघवीच्या गोळ्या! कुटून घालते! आता तरी सोड गं बये!"

वाट मोकळी झाली. साध्वीची शिष्या निऱ्या धरून मोरीकडे पळाली. अशा तीन खेपा करून परत आली तेव्हा सुलोचना काट्याशी उभीच होती. "चढा."

"एकसष्ट," द्वारकाबाई पुटपुटल्या.

"एका किलोचं पाप!" मागून कुणीतरी ओरडलं.

गौतमीने माईंचा रक्तदाब पाहिला आणि मीठ-साखर घातलेलं लिटरभर पाणी त्यांच्या हातात दिलं. घोट घोट करत ते संपलं. माई पुन्हा काट्यावर. बासष्ट.

"बघा," गौतमी म्हणाली. "लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. गोळ्या तासाभरात लघवी करवतात, सोनामुखी सहा-आठ तासांनी जुलाब करते. त्या गोळ्या आम्ही सूज आलेल्या रोग्यांना देतो, तेही रक्त तपासून. चरबी तोळाभरही हललेली नाही."

"मग माझे तीन किलो?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"मोरीत."

माई सुलोचनाच्या पायाशी वाकल्या. "चुकले. माफ कर."

"माफी तिच्याकडं मागा," सुलोचनाने आतल्या खोलीकडे बोट केलं. "मी देणार न्हाई. मी तुमाला पोलीस चौकीत नेणार हाय. पुड्या ह्या साऱ्याजणी घेऊन येतील."

आणि आल्या. चौकीत त्याच बायका, त्याच साड्या, त्याच पुड्या. सगळ्यांत पुढे द्वारकाबाई.

अक्षदाने पुण्याला स्वतः फोन लावला. "मतलब, काकू, मी आहे एवढीच येईन. तोलून घ्यायची असेल तर नका घेऊ." तिने शांतपणे फोन ठेवला आणि आईला म्हणाली, "भाकरी वाढ."

बायांनो, काटा वजन सांगतो, काय गेलं ते सांगत नाही. आठवड्यात उतरतं ते पाणी. चरबीला बेताचं खाणं लागतं, रोजचं चालणं लागतं आणि महिने लागतात. ज्या पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही, ती तोंडात घालू नका. मग ती कोणत्याही सणाला, कितीही मोठ्या कुंकवाची बाई हातावर ठेवो. विचारा, "यात काय आहे?" उत्तर आलं नाही तर वाणालाही नाही म्हणता येतं.

गुलाबी काटा चौकीत जमा झाला. भाकरी थापता थापता सुलोचनाने त्यालाही एक ओवी घातली:

लेक माझी लाडाची गं, दुधावरची साय
तिला तोलायला बाई, तुझा काटा काय!