दुसरी फेरी

त्याला सगळे धसकाच म्हणत. नाव ठेवलं होतं भाऊजींनी, आणि तेही पहिल्याच दिवशी, चारचौघांत. झालं होतं असं, की सायकलवाल्यांचा ताफा पाय मोकळे करायला सपाट रस्त्यावर निघाला होता. मागून सामानाची गाडी, ती चालवायला ताई, आणि ताईच्या शेजारी हा. पुढच्या कुणाच्या तरी सायकलमधून खुळखुळ ऐकू आली आणि याला वाटलं, चाकच निखळतंय. त्याने ताईला हॉर्न दाबायला लावला, सगळ्यांना उतरवलं, एकेका चाकाला कान लावून बघितलं. शेवटी निघालं काय, तर बँकेच्या मॅनेजरसाहेबांच्या खिशातल्या किल्ल्या.

"धसका आहे नुसता," भाऊजी म्हणाले. सगळे हसले, मॅनेजर तर पोट धरून. हसणं ओसरल्यावर मात्र भाऊजींचा आवाज बदलला. "एक सांगून ठेवतो, सगळ्यांसमोर सांगतो. पुन्हा उगाच ताफा थांबवलास, तर गाडीतून खाली. मग तुझ्या ताईने चार दिवस माझ्याशी अबोला धरला तरी चालेल."

भाऊजी बोलले की बोलले. हे ताईला ठाऊक होतं आणि यालाही.

धंदा भाऊजींचा होता. थंड मुलखातले हौशी सायकलवाले हिवाळा सरायच्या आतच अंगाला गंज चढला म्हणून कुरकुरायला लागतात. त्यांना इथे वाळवंटात आणायचं, कोवळ्या उन्हात रोज थोडं थोडं वाढवत पळवायचं, आणि शर्यतींचे दिवस सुरू व्हायच्या आधी ताजेतवाने करून घरी धाडायचं. भाऊजी स्वतः सगळ्यांच्या पुढे सायकलवर असत. ताई मागे गाडीत, पाणी, फळं आणि औषधांची पेटी घेऊन. मेकॅनिक मात्र टिकत नव्हता, आणि नेमका त्याच सुमाराला ताईचा धाकटा भाऊ घरी बसला होता. तो आधी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. हात सोन्यासारखा, पण एका लिफ्टला दोघांचा वेळ घ्यायचा. काम झाल्यावर जिना उतरून जायचा आणि अर्ध्या वाटेवरून पुन्हा वर यायचा, बघायला. कंपनीने हात जोडले. मग ताईने नवऱ्याला गळ घातली. "तुमच्या सायकली त्याच्या हातात द्या, आणि निवांत झोपा," ती म्हणाली होती.

तर त्या दिवशी डोंगर होता. आदल्या दिवशी सगळे बसने डोंगराच्या पायथ्याच्या गावी आले होते. सायकली खोक्यांत घालायच्या तर हँडल काढून आडवं वळवावं लागतं. म्हणून संध्याकाळी धसक्याने मुक्कामाच्या मागच्या खोलीत बसून एकूण एक हँडल पुन्हा जागेवर बसवलं होतं. आता सकाळची उन्हं चढत होती आणि ताफा घाट चढत होता. दोन्ही बाजूंना तांबूस, उघडे खडक. झाड म्हणून नाही. रस्त्याच्या कडेला वाळू अशी बसली होती, की जणू कुणी नुकतीच चाळून टाकली आहे.

"वर थांबायचं नाही," निघतानाच भाऊजींनी सांगितलं होतं. "दुपारी वारा सुटणार आहे, वाळूचा. त्याच्या आत पलीकडे उतरून गावात शिरायचं. चहा खाली."

गाडी सायकलवाल्यांच्या मागे गोगलगायीसारखी चालली होती. टपावर पाण्याचे कॅन गदागदा हलत होते.

"ती दोरी परत सैल झाली वाटतं," ताई म्हणाली. "काल एवढी हाक मारून तुला बोलावलं ह्यांनी, तरी तेच."

धसका पाणी प्यायच्या बेतात होता. त्याच्या हातातली पाण्याची बाटली मात्र तशीच राहिली, झाकण अर्धं उघडलेलं.

काल. हाक. दोरी.

हँडल बसवायची त्याची एक रीत होती. पहिल्या फेरीत चारी बोल्ट हातानेच बसवायचे, नुसते टेकेपर्यंत. सगळ्या सायकलींची ती फेरी झाली, की दुसरी फेरी पान्याने. तो पाना असा, की बेताचा जोर लागला की कट्ट करतो. कट्ट ऐकलं की पुढच्या बोल्टला जायचं. काल दुसऱ्या फेरीतच भाऊजींनी अंगणातून हाक मारली होती, "अरे, आधी हे कॅन बांध." तो पाना खाली ठेवून गेला. परत आला तेव्हा सायकली हललेल्या होत्या. ताफ्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी जायला वाट हवी म्हणून भिंतीकडे सरकवल्या होत्या, मोठ्या प्रेमाने. मग त्याने पुढच्या घेतल्या. कुठल्या पुढच्या? ज्या सायकलवर हाक आली, ती पुरी झाली होती का?

त्याने डोळे मिटून आठवून बघितलं. कट्ट, कट्ट, कट्ट. चौथं ऐकू येत होतं. पण ते खरंच कालचं होतं, की तो आत्ता मनातल्या मनात वाजवत होता?

"ताई," तो म्हणाला, "एका सायकलचे बोल्ट राहिलेत. बहुतेक."

ताईने त्याच्याकडे वळून बघितलं नाही. रस्ता वळणाचा होता. "बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे राहिले असतील."

"कुणाच्या सायकलचे?"

"ते आठवत नाही."

ताईने ओठ घट्ट मिटले. एरवी चढण संपेस्तोवर तिचे ओठ सारखे हलत असायचे, देवाचं नाव घेत. आज ते थांबले. "घरी गॅस बंद केला का म्हणून तू तीनदा मागे फिरतोस," ती हळूच म्हणाली. "दरवेळी बंदच असतो. हे तसलंच कशावरून नाही?"

हेच तर त्यालाही कळत नव्हतं. माणसाला एकच काळजी असेल तर ती खरी की खोटी ते बघता येतं. याच्या मनात काळज्यांचा बाजार भरलेला. त्यातली खरी कोणती हे ओळखायचं कशावरून? किल्ल्यांच्या वेळीही असंच वाटलं होतं. अगदी असंच.

"चढावर काही होणार नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत राहिला. "चढावर सगळा जोर पायांत. उतारावर ब्रेक दाबला, की अंगाचा सगळा भार हातांवर येतो. तेव्हा हँडल गर्रकन खाली फिरतं. मग माणूस थेट तोंडावर."

"नको सांगूस असं."

"आता थांबवलं तर वारा गाठणार."

"हो."

"आणि भाऊजी..."

"तेही आहेच," ताई म्हणाली.

गाडीच्या पुढे, ताफ्यात सगळ्यात मागून, बाई चालल्या होत्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या केसांचा अंबाडा हेल्मेटखाली कसाबसा कोंबलेला. चढावर त्या कुणाशी बोलत नसत. त्यांच्या कोपरांकडे बघता बघता धसक्याला वाटलं, की त्यांचं हँडल जरासं डावीकडे झुकलंय. मग वाटलं, रस्ताच झुकलाय. मग पुढच्या मॅनेजरांचंही झुकल्यासारखं दिसायला लागलं. त्याने तोंडावर पाणी मारलं. नाकातोंडात गरम हवा जात होती.

वळण संपलं आणि खिंड दिसली. दोन खडकांच्या मधून निळं, रिकामं आकाश. तिच्या पलीकडे रस्ता नाहीसाच होत होता. भाऊजी खिंडीत पोचले, हात वर करून पुढे चला अशी खूण केली.

"ताई, हॉर्न दे."

ताईचा हात हॉर्नवर गेला आणि तिथेच राहिला. "नक्की ना?"

"नक्की नाही. दे."

तिने हॉर्न दिला. लांबच लांब दिला.

भाऊजी सायकल आडवी घालून थांबले. बाकीचे पाय टेकून वळून बघायला लागले. धसका पाना घेऊन धावत पुढे गेला. धावताना त्याला सगळ्यांचे चेहरे दिसत होते आणि एकाही चेहऱ्याकडे त्याने बघितलं नाही.

"कालचे हँडलचे बोल्ट," त्याला धाप लागली होती. "एका सायकलची दुसरी फेरी राहिली असेल. बघू द्या."

"असेल?" भाऊजींनी विचारलं.

"असेल."

भाऊजींनी पलीकडच्या मैदानाकडे मान वळवली. क्षितिजापाशी मळकट पिवळी रेघ उठली होती, दुधावर साय धरावी तशी. त्यांनी नुसता हात केला, बघ म्हणून.

"आता दातही तपासून घे माझे," डॉक्टर म्हणाले. "एखादा सैल असेल."

"तुम्हीच सायकली सरकवल्यात काल," मॅनेजर म्हणाले. "तुमच्या सेवाभावापायीच हे."

"त्या दिवशीच्या किल्ल्या तर माझ्या नव्हत्या," डॉक्टरांनी परतवलं.

धसक्याने पहिली सायकल गुडघ्यांत धरली. कट्ट. कट्ट. कट्ट. कट्ट. चारी आपापल्या जागी; पाना तसूभरही फिरला नाही. दुसरी. तिसरी. प्रत्येक कट्टागणिक त्याच्या जिवाला एकदा हायसं वाटायचं आणि लगेच दुप्पट जड. मॅनेजरांची घट्ट. डॉक्टरांची घट्ट. बाईंची घेतली तेव्हा त्याला खात्री होती, की हीच. चौथ्या बोल्टला त्याने डोळे मिटले. कट्ट.

भाऊजींची राहिली. ती त्यांनी पुढे केली. तीही घट्ट.

ताई गाडीतून उतरून त्याच्या मागे येऊन उभी होती. तिने पदर वाऱ्याला सावरल्यासारखं केलं आणि त्याच्या कानाशी अगदी हळू बोलली. जिने जन्मात कधी दुकानदाराशीसुद्धा खोटी घासाघीस केली नव्हती, ती म्हणाली, "एक सैल होता म्हण. माझ्यासाठी म्हण. कुणाला कळणार आहे?"

खरंच कळलं नसतं. पाना त्याच्याच हातात होता.

"काय मग?" भाऊजींनी विचारलं.

सगळे थांबले होते. डॉक्टरांचं हसूही अर्ध्यावर थांबलेलं. धसक्याने पाना खिशात घातला.

"सगळे घट्ट होते," तो म्हणाला. "एकही राहिला नव्हता."

ताईने खाली बघितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी आपल्या हँडलवर तळहात ठेवून एकदा भार देऊन बघितला, हेल्मेटचा पट्टा ओढला आणि म्हणाल्या, "चला हो, वारा आपल्यासाठी थांबणार नाही."

उतार त्यांनी नीट उतरला. वळणामागून वळण घेत सायकली पाण्याच्या धारेसारख्या खाली गेल्या, एकही हँडल हललं नाही. पण डोंगराच्या पायथ्याशी, गाव अगदी समोर दिसत असताना, वाऱ्याने गाठलं. आधी रस्त्यावरून वाळूचे पट्टे सरपटत गेले, मग सगळं पिवळं झालं. ताईने दिवे लावले. काचेतून पुढची सायकल दिसत होती, तिच्या पुढची नाही. धसका काचेला नाक लावून बसला होता आणि त्याच्या मनात एकच होतं: खिंडीत थांबलो नसतो, तर हे आता चहा पीत असते.

मॅनेजर पडले. वाऱ्याचा झोत बाजूने आदळला आणि त्यांना उचलून कडेच्या वाळूत ठेवलं, सायकलसकट. धसक्याने गाडी थांबायच्या आधीच खाली उडी मारली. वाळू होती म्हणून निभावलं. कोपर सोलवटलं, गुडघ्यातून रक्त आलं. त्याने त्यांना दोन्ही काखांत हात घालून उठवलं, तोंडावरची वाळू आपल्या बाहीने पुसली. मग त्यांच्या सोललेल्या कोपराकडे बघत राहिला.

"बघतोस काय," मॅनेजर थुंकत म्हणाले. "हँडल बघ. सरळ आहे का?"

हँडल सरळ होतं.

संध्याकाळी वारा पडला. मुक्कामाच्या ओसरीत धसका वाळूने भरलेल्या साखळ्या ब्रशने झाडत बसला होता. बाजूला त्याची बॅग भरून ठेवलेली. ती त्याने आल्या आल्याच भरली होती, म्हणजे कुणाला सांगायची वेळ येऊ नये. भाऊजी आले आणि पायरीवर बसले.

"मॅनेजरांचा हात?" धसक्याने विचारलं.

"जेवले दोन्ही हातांनी." भाऊजींनी पायातली वाळू झटकली. "मी सगळ्यांसमोर बोललो होतो."

"हो."

"तेव्हा गाडीतून खाली. उद्यापासून तू गाडीत बसणार नाहीस."

"बॅग भरली आहे, भाऊजी."

"भरलीस ते बरं केलंस. सकाळची बस धरायची आणि पुढच्या मुक्कामाला जाऊन थांबायचं. आम्ही संध्याकाळी पोचू. सायकली तुझ्या ताब्यात." ते उठले, दोन पावलं गेले आणि पाठमोरेच बोलले. "आणि रात्री पान्याने फेरी करताना दार आतून लावून घ्यायचं. कुणी हाक मारली तरी उठायचं नाही. मी मारली तरी."

धसका ब्रश धरून तसाच बसून राहिला. नोकरी टिकली होती. हे त्याला कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर लगेच दुसरंही कळलं: आता उद्यापासून हे सगळे रस्त्यावर असताना आपण कुठल्यातरी खोलीत बसलेले असणार. मागे नसणार. दिसणार काहीच नाही.

सकाळी ताफा निघाला तेव्हा तो बसच्या थांब्यावर उभा होता. ताईने गाडी हळू केली, काच खाली घेतली. "डबा बॅगेत वरच ठेवलाय. वेळेवर खा. आणि उगाच फोन करत बसू नकोस, मी गाडी चालवत असते."

"नाही करणार."

"एक कर. दुपारी."

सायकली एकामागून एक पुढे गेल्या. मॅनेजरांच्या कोपराला पांढरी पट्टी होती. बाईंनी हँडलवरून एक हात उचलून त्याला दाखवला. दोन्ही हात ठेवा ना हो, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण तोवर त्या वळणाशी पोचल्या होत्या. मागोमाग गाडी गेली. वळणावर थोडी धूळ राहिली, मग तीही बसली, आणि बस यायला अजून अवकाश होता.