राहत्या माणसाचा पसारा

चपला फार स्वच्छ निघाल्या, हीच पंचाईत झाली. माळ्यावरच्या खोक्यातून काढून तिनं त्या ओल्या फडक्यानं पुसल्या, दाराशी ठेवल्या आणि चार पावलं मागं येऊन पाहिलं. दुकानात मांडल्यासारख्या दिसत होत्या. रोज पायात असणाऱ्या चपला अशा नसतात. ती त्या उचलून जिना उतरली, खालच्या मातीत चांगल्या घासल्या, पुन्हा वर आणल्या आणि एक सरळ, एक तिरपी टाकली.

"हां, आता आल्यासारखा वाटतोय मेला," ती स्वतःशीच म्हणाली.

पाहुणे येणार म्हटलं की लोक घर आवरतात. तिनंही आवरलं होतंच. जळमटं काढली होती, पंखे पुसले होते, कपाटाखालची धूळ झाडूच्या दांड्यानं ओढून काढली होती. पण सासूबाई येणार असल्या की तिचं काम दुप्पट व्हायचं. आधी घर लख्ख करायचं, आणि मग त्यात एका माणसाचा पसारा करून ठेवायचा. तो माणूस म्हणजे तिचा नवरा. दोन वर्षं तो या घरात राहत नव्हता आणि त्याच्या आईला याचा पत्ता नव्हता.

तिला गल्लीत सुईताई म्हणत. रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेऊन यायचे, हे तिचं काम. पोरं तिला पाहून आईच्या मागं लपायची, आणि आयाही कमी नव्हत्या, "जेव, नाहीतर सुईताईला बोलावते" म्हणून तिचा बागुलबुवा करायच्या. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं, त्यामुळे लोकांची घरं ती तोंड धुण्याआधीचीच पाहायची. दार उघडणारी बाई हटकून म्हणायची, "पसारा आहे हं, बघू नका." ती बघायची नाही, पण दिसायचं ते दिसायचंच. नवरा नावाचा प्राणी घरात राहत असला की त्याच्या खुणा कुठं कुठं सापडतात, हे तिच्याकडून शिकावं. वर्तमानपत्राची पानं सुटी झालेली. टूथपेस्ट मधोमध दाबलेली. खुर्चीच्या हातावर कपाचा गोल डाग. एक मोजा. दुसरा मोजा कुणालाच कधी सापडत नाही, त्यामुळे तो मांडायची गरज नव्हती.

एवढं सगळं तिनं जागच्या जागी लावलं. टॉवेल नळाखाली धरून पिळला आणि खुर्चीच्या पाठीवर फेकला. मग पलंगावरच्या दुसऱ्या उशीला खळगा पाडायचा म्हणून तिच्यावर डोकं टेकलं, आणि उठवेना. पहाटेपासून जिने चढत होती. एका आजोबांची शीर सापडली नव्हती, त्यांच्या मुलानं तिला नाही नाही ते ऐकवलं होतं. पोटऱ्या ठणकत होत्या. थोडा वेळ तशीच पडून राहावं आणि सासूबाई, नवरा, चपला सगळं आपापलं बघून घेऊ दे, असं तिला अगदी मनापासून वाटलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात नवरा होता, हातात कपड्यांची पिशवी घेऊन.

"बेल काय वाजवतोस? आई आल्यावर अशी बेल वाजवलीस तर पितळ उघडं पडेल."

"सवय नाही राहिली," तो म्हणाला. तो छापखान्यात यंत्रावर होता, बोटांच्या पेरांत शाई कायमची बसलेली. आत येऊन त्यानं इकडंतिकडं पाहिलं. चपला पाहिल्या, मोजा पाहिला, आणि त्याला हसू आलं. मग त्यानं खुर्चीवरचा ओला टॉवेल उचलला आणि गॅलरीतल्या दोरीवर झटकून वाळत घातला.

"टाक परत तिथं," ती म्हणाली.

"वास येतो गं खुर्चीला."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. संसारभर हेच एक वाक्य सांगून सांगून तिनं घसा कोरडा केला होता. टॉवेल आणून तिनं पुन्हा खुर्चीवर टाकला आणि फडकं घेऊन खिडकी पुसायला लागली.

"ऐक," तो पिशवी ठेवत म्हणाला, "या वेळी मी आईला सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"आहे ते. किती दिवस झाकली मूठ ठेवायची? दर खेपेला पिशवी भरून यायचं, नाटक करायचं. दमलो मी."

"तू दमलास?" ती म्हणाली. "माळ्यावर मी चढले होते."

"तेच म्हणतोय ना. तूही दमतेस. कशासाठी चाललंय हे?"

तिनं हातातलं फडकं सोडलं नाही, पण पुसणं थांबलं. "तुला काय जातंय सांगायला? तुझी आई आहे. चिडेल, रडेल, अबोला धरेल आणि परत तुझीच राहील. माझी कोण लागते ती मग? तूच सांग. तू नाहीस म्हटल्यावर ती माझी कोण?"

तो पेरांतली शाई अंगठ्यानं घासत राहिला. यंत्रावरच्या माणसाला बोलायची सवय तशीही कमीच.

"उद्या सकाळी तिचे डोळे तपासून होऊ देत," शेवटी तो म्हणाला. "संध्याकाळी कामावरून आलो की सांगतो. परवा ती जाणारच आहे."

तिनं पुन्हा पुसायला घेतलं. बोलून काय उपयोग होता? त्याचं चूकही नव्हतं. दोघांत मोठं भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. मूलबाळ नव्हतं, तिचं काम पहाटेचं, त्याचं तेव्हा रात्रपाळीचं. एकदा कामाची घाई होती म्हणून तो छापखान्याजवळ खोली घेऊन राहिला, घाई संपली आणि तो आला नाही. तिनंही कधी ये म्हटलं नाही. कुणी कुणाला सोडलं नाही, सुटत गेलं.

सासूबाईंचं मात्र तसं नव्हतं. ती लहान असताना तिची आई गेली. मामाकडे वाढली, तिथं तिला कुणी छळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. लग्नात तिला नवरा पसंत पडला होता की त्याची आई, हे तिला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. सासूबाई पहिल्याच आठवड्यात तिला म्हणाल्या होत्या, "उभ्यानं खाऊ नकोस. बस. मी आहे इथं." पुढं तिचं ऑपरेशन झालं तेव्हा याच बाई महिनाभर येऊन राहिल्या आणि रोज तिची वेणी घालून द्यायच्या. आता त्या दुसऱ्या गावी लेकीकडे असत आणि वर्षातून एकदा डोळे दाखवायला इथं येत. एवढंच काय ते माहेरपण तिच्या वाट्याला आलेलं. आणि ते उद्या संध्याकाळी संपणार होतं.

सासूबाई आल्या त्या नेहमीसारख्याच, बोलत बोलत. जिन्याला शिव्या दिल्या, बसमधल्या खिडकीला दिल्या, जावयाला हातचं राखून दोन दिल्या. आत येऊन खुर्चीत बसल्या तेव्हा पाठीला टॉवेल लागला.

"हा अजून तसाच का? ओला टॉवेल खुर्चीवर!"

"बघा ना आई," ती उत्साहानं म्हणाली. "सांगून सांगून माझी जीभ झिजली."

नवरा खाली मान घालून बसला होता. चहा झाला. गप्पा झाल्या, म्हणजे सासूबाई बोलल्या आणि दोघांनी हुंकार भरले. ती मनातून जरा सैलावली. आणि तेवढ्यात नवरा उठला, आपला कप घेऊन स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला, कप विसळला, पालथा घातला आणि हात पुसत बाहेर आला. सगळं कसं सहज. आपण काय केलं हे त्याला स्वतःलाही कळलं नसावं.

सासूबाईंनी आपल्या कपातला उरलेला चहा हळूहळू संपवला.

नंतर स्वयंपाकघरात तिनं त्याला गाठलं. "कप कशाला धुतलास?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"सवय झालीय. तिथं कोण धुणार? मीच ना."

"आणि इथं कोण धुवायचं?"

त्यानं पालथ्या घातलेल्या कपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चुकलंच माझं." आज धुतलं ते चुकलं, की इतकी वर्षं धुतलं नाही ते, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. पण तिला लागलं. जे आपल्या घरी वीस वर्षांत जमलं नाही ते याला एका भाड्याच्या खोलीनं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा काढली होती. नवरा कामावर गेला आणि या दोघी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डोळ्यांत औषध घातल्यामुळे सासूबाईंना उजेड सोसवत नव्हता. घरी आल्यावर तिनं पडदे ओढले, त्यांना पलंगावर बसवलं आणि पायाशी फरशीवर बसून भाजी निवडायला घेतली. तिचं लक्ष भाजीत नव्हतं. संध्याकाळ होऊच नये, असं वाटत होतं.

"पुढच्या वेळी मी आले ना," सासूबाई अंधुक खोलीत म्हणाल्या, "की त्याला बोलावत जाऊ नकोस."

तिचे हात थांबले. "कुणाला आई?"

"आता कुणाला म्हणून काय विचारतेस? माझ्या लेकाला. बिचारा पिशवी घेऊन येतो, पाहुण्यासारखा."

सासूबाई डोळे मिटूनच बोलत होत्या. "मागच्या खेपेलाच आलं होतं लक्षात. न्हाणीघराच्या दिव्याचं बटण शोधत होता. स्वतःच्या घरात माणूस बटण शोधतो होय? तरी म्हटलं, असेल झोपेत. पण काल कप धुतलान् त्यानं. मी त्याच्या पाठीत धपाटे घालून दमले, तू बोलून दमलीस. एकटा राहिल्याशिवाय पुरुष कप धुवत नाही बाई. कुठं राहतो?"

"छापखान्याजवळ खोली आहे. लांब आहे इथून." मग तिला राहवेना. "मागच्या वेळीच कळलं होतं, तर बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी हात पुढं केला आणि चाचपत तिच्या डोक्यावर ठेवला.

"कुठल्या तोंडानं बोलू? पोरगा इथं राहत नाही, हे मला कळलंय असं तुला कळलं, तर तू मला कशाला ये म्हणशील? मी कोण तुझी मग? म्हटलं, चाललंय तोवर चालू दे."

तिनं भाजीची परात बाजूला सारली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली. इतके दिवस दोघी एकमेकींना जपत एकच भीती घेऊन बसल्या होत्या, आणि त्यापायी तिनं टॉवेल ओले केले होते. रडता रडता तिला हसू फुटलं, म्हणून सासूबाईही हसल्या, आणि मग डोळ्यांतल्या औषधाच्या नावाखाली त्यांनीही डोळे पुसून घेतले.

"परत नाही का यायचा तो?" त्यांनी विचारलं. आई होती ती, विचारणारच.

"नाही आई."

"बरं."

त्या एका 'बरं'ला किती वेळ लागला, हे तिनं ऐकलं. थोड्या वेळानं सासूबाई उठल्या आणि भिंतीला धरत घरभर फिरू लागल्या. खुर्चीवरचा टॉवेल त्यांनी धुवायला टाकला. खुंटीवरचे शर्ट उतरवले आणि एकेक घडी करून पिशवीत भरले. दाढीचं सामान घातलं. तो एकुलता मोजाही घातला. ती मधे पडली, "आई, मी करते, तुम्हाला दिसत नाहीये," पण त्यांनी ऐकलं नाही.

"तू बस जरा. कोणी यायच्या आत घर आवरलेलं बरं," त्या म्हणाल्या.

ती बसली. रिकाम्या खुंटीकडे बघत बसली आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं. आई आपली राहिली म्हणून जीव भांड्यात पडला होता, तरी खुंटीकडे बघवत नव्हतं. सोंग होतं हे तिला ठाऊक होतं. पण वर्षातले ते चार दिवस दाराशी चपला दिसल्या की बरं वाटायचं, हे तिनं आजवर स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

संध्याकाळी बेल वाजली. सासूबाईच दार उघडायला गेल्या. ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, तिथून तिला सगळं ऐकू येत होतं.

"ये," सासूबाई म्हणाल्या. "बस. पाणी आणते."

तो बसला असावा. त्याला दाराजवळ ठेवलेली भरलेली पिशवी दिसली असावी, कारण खुर्ची करकरली. मग त्यानं घसा खाकरला. दिवसभर यंत्रावर उभं राहून त्यानं वाक्यं जुळवली असणार.

"आई, मला तुला एक सांगायचंय."

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "पाणी पी आधी. आणि जेवूनच जा. फार उशीर करू नकोस, तुझी खोली लांब आहे म्हणे."

पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. तो म्हणाला, "बरं." अगदी आईसारखंच म्हणाला.

तिनं हाताच्या उलट्या बाजूनं डोळे पुसले, कांद्यानं आलं होतं ते आणि दुसरंही. भात झाला होता. तिनं तीन ताटं घेतली आणि बाहेर आली. तो खुर्चीत पुढं सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. आजवर ती नेहमी सासूबाईंचं ताट आधी मांडायची. आज पाहुण्याला आधी वाढायचं, म्हणून पहिलं ताट तिनं त्याच्यासमोर ठेवलं.