ओळंब्यातली भेग

छप्पर

घर बांधायचं तर पायापासून. ही गोष्ट घर उतरवण्याची आहे, म्हणून वरून सुरुवात.

म्हातारा गवंडी स्वतःच्या छपरावर बसून गळती शोधत होता. लोक गळू नये म्हणून देव पाण्यात ठेवतात, हा गळावं म्हणून ठेवून बसला होता. पण गळणार कुठून? स्लॅब त्यानेच घातलेली. गल्लीतली निम्मी घरं त्याच्याच हातची, आणि गल्लीत त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला लोखंडी वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. "याला ओळंबा कशाला हवा, हाच ओळंबा," असं तरुणपणी कोणीतरी म्हणालं आणि ते जन्माचं चिकटलं.

नव्या आकारणीत घरपट्टी दुपटीवर गेली होती. गुडघे गेल्यापासून हाताला काम नव्हतं. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, विका ते घर आणि या इकडे. उगाच हट्ट कशाला?"

बायकोने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "जावयाच्या घरात चार दिवस कौतुक असतं गं. पाचव्या दिवशी त्याला आमचा खोकला ऐकू यायला लागतो." फोन ठेवून नवऱ्याकडे वळली. "पट्टी कमी करून आणा. कशी ते मला विचारू नका. या घरातून मी निघेन ती आडवीच."

खिडकी

छपरावर चढायच्या आदल्या दिवशी तो नगरपालिकेत गेला होता. हरकती घेणाऱ्या खिडकीमागे एक कारकूनबाई होती.

"क्षेत्रफळ चुकलंय का आजोबा?"

"नाही. बरोबर आहे."

"बांधल्याचं वर्ष?"

"तेही बरोबर."

"कुठे चुकून भाडेकरू किंवा दुकान लिहिलंय का?"

"नाही हो. आम्ही दोघंच."

"मग हरकत कशावर घेता? सगळंच बरोबर आहे की!" तिने कागद उलटला. "राहिला दर्जा. बांधकामाचा दर्जा, उत्तम. इथे बोट ठेवा. दर्जा उतरला की पट्टी उतरते. तुमच्या शेजारचं घर बघा. तेवढंच, त्याच वर्षाचं, पट्टी निम्मी."

"ते ठेकेदाराने बांधलंय. त्याची भिंत पोट सुटल्यासारखी रस्त्यावर आलीय."

"म्हणूनच निम्मी."

गवंड्याला हे पचायला वेळ लागला. "म्हणजे वाकडं बांधलं त्याला सूट, आणि सरळ बांधलं त्याला भुर्दंड? हे ठरवलं कोणी?"

"मला काय विचारता? मी नुसती खिडकी आहे." मग तिला दया आली असावी. "भेगा दाखवा, ओल दाखवा. पाहणीला माणूस येईल, मग सुनावणी. पुढचा कोण?"

भिंत

बायको बाजारात गेल्यावर त्याने छिन्नी काढली. बाहेरच्या भिंतीत, वरपासून खालपर्यंत, एक भेग पाडली. दम लागेपर्यंत पाडली. वर मूठभर धूळ चोळली, जुनी वाटावी म्हणून.

पाहणीचा पोरगेला अधिकारी भिंतीसमोर उभा राहिला आणि हसू दाबू लागला.

"आजोबा, भेग पडते ती वेडीवाकडी. ही काय ओळंबा सोडून पाडलीत?"

ओळंबा सोडला नव्हता. हाताला वाकडं चालताच येत नव्हतं.

"दोष आढळला नाही," असं लिहून तो गेला.

भेग

"बुजवा ती," बायको म्हणाली.

"सुनावणी होऊ दे."

"जाता येता डोळ्यांत खुपते माझ्या."

"होऊ दे म्हटलं ना."

दार

सुनावणीच्या खोलीत गल्लीतली बरीच मंडळी आपापल्या हरकती घेऊन बसली होती. समोरच्या घरातला घड्याळजी त्याच्या शेजारीच. त्याचंही घर ओळंब्यानेच बांधलेलं.

साहेबांनी पाहणीचा कागद वाचला. "दोष नाही. अजून काही म्हणायचंय?"

साहेबांचा हात शिक्क्याकडे गेला. गवंड्याला दाराबाहेर बाकावर बसलेली बायको दिसली, पिशवी पोटाशी धरून. लेकीच्या घरी जाऊन बसेल तीही अशीच.

"दोष आत आहे साहेब," तो म्हणाला. "मीच बांधलंय. पैसा पुरेना म्हणून सिमेंट कमी घातलं. रेती न चाळता वापरली. वरून गुळगुळीत गिलावा केला, की झाकलं."

साहेबांनी चष्मा काढला. "लिहून द्याल?"

"देतो."

"स्वतःला चोर म्हणवून घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. असला माणूस खोटं कशाला बोलेल?"

आयुष्यभर खरेपणाने बांधलं, त्याला कधी कोणी लेखी दाद दिली नव्हती. पहिल्या खोट्याला मात्र शिक्क्यासकट मिळाली. दर्जा : निकृष्ट. पट्टी निम्म्यावर आली.

घरी येताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. आत आल्यावर पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "रेती कोणी चाळली नाही?"

"अगं, ते म्हणायचं म्हणून."

"चाळणी माझ्या हातात होती. लेक पोटात होती, तरी चाळत होते. सिमेंट कालवलं तेही मीच. नाव तुमचं सांगितलंत, चोर मला केलंत."

"घर राहिलं ना पण?"

"राहिलं," ती म्हणाली, आणि चूल न पेटवता दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

जोतं

घड्याळजीने सगळं कान देऊन ऐकलं होतं. त्याने त्या निकालाची नक्कल काढली आणि आपल्या अर्जाला जोडली : आमचंही घर याच गवंड्याने, त्याच सुमारास बांधलं आहे. त्याचं काम झालं. मग गल्ली उठली. एकाने नक्कल काढली, दुसऱ्याने तिची नक्कल काढली, आणि ओळंब्याने बांधलेलं एकेक घर निकृष्ट होत गेलं.

"काय ओळंब्या, तुझ्या चोरीने आमचं भलं केलं बघ!" लोक पाठीवर थाप मारत. सगळे हसत. तोही हसे.

मग हसणं थोडं थोडं कमी झालं. कोणी रात्री उठून भिंतीवर बोटाने टकटक करून बघू लागलं. कोणाला कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली. ती आधीही होती, पण आधी ती नुसती चीर होती. "म्हणजे तू खरंच...?" असं एकाने विचारलं आणि उत्तर न ऐकताच निघून गेला. ओळंबा म्हणणंही बंद पडलं. पोरं त्याला निकृष्टकाका म्हणू लागली.

पाया

घड्याळजी आला तो उंबऱ्यातच उभा राहिला. चहा नको म्हणाला.

"नातू झोपतो त्या भिंतीपाशी. ठेकेदार म्हणतो, पाडा, नवी घालून देतो. सून रोज टोचते. मला एकच सांग, भिंत राहू देऊ का पाडू?"

"ती भिंत तुला पुरेल, नातवाला पुरेल आणि वर उरेल."

"मग तिथे काय सांगितलंस?"

"ते पट्टीसाठी होतं रे."

"तेव्हा तिथे खोटं बोललास की आता इथे बोलतोयस, मला कसं कळावं? तिथे लिहून दिलंस. इथेही दे. भिंत भक्कम आहे, एवढंच. सुनेला दाखवतो, ठेकेदाराला दाखवतो."

ठेकेदाराला दाखवलं की ते साहेबांच्या टेबलावर पोचायला वेळ लागणार नव्हता. उत्तम दर्जा परत, पट्टी परत, वर खोट्या जबाबाचा दंड.

"द्या लिहून," बायको आतून म्हणाली.

गवंडी चमकला. "मग आपण जायचं कुठे?"

"द्या म्हटलं ना."

तो घड्याळजीकडे न बघता म्हणाला, "पाड."

"काय?"

"पाड ती. कच्ची आहे."

दुसऱ्या दिवशी समोर घण पडू लागला. भिंत तो घेत नव्हती, परत पाठवत होती. दणका कसा वाजतो यावरून गवंड्याला आतली वीट दिसत होती, विटांमधला सिमेंट-रेतीचा माल दिसत होता. या घरालाही माल बायकोनेच कालवला होता, वीट त्याने रचली होती. दुपारी, निम्मी भिंत कशीबशी उतरल्यावर मजूर ओरडला, "अहो, ही कसली कच्ची? माझा दांडा मोडला!" घड्याळजी बाहेर आला. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग समोरच्या दाराकडे पाहिलं.

"दुसरा दांडा आण," तो मजुराला म्हणाला. "निम्मी पाडलीय, आता थांबून काय करू?"

गवंड्याच्या बायकोने घमेल्यात थोडा माल कालवला, थापी घेतली आणि बाहेर जाऊन ती सरळ भेग स्वतःच बुजवायला बसली. नवऱ्याने हात पुढे केला. तिने थापी दिली नाही.