मनुबाई, वय एकसष्ट

"काका, तुमच्या कॉलेजात भूत आहे का हो?"

विचारलं मी! वाईपासून सांगलीपर्यंत माझ्या वर्गातल्या अश्लेषा आणि मयूरी एसटीत मला डिवचत होत्या, "बारावीत गेलीस तरी भित्रीच तू. विचारून दाखव!" फार्मसी कॉलेज बघायला आलेली सगळी पोरं फिदीफिदी हसली. लॅब सांभाळणारे कृष्णातकाका तेवढे हसले नाहीत.

मला खरं तर काही बघायचंच नव्हतं. बाबांचं ठरलेलं होतं. दोन वर्षांचं डी.फार्म, मग बाजारातल्या आमच्या गाळ्यात मेडिकल. 'संयोगिता मेडिकल' अशी माझ्या नावाची पाटीसुद्धा रंगवायला टाकलेली.

काकांनी प्रत्येकाला औषध म्हणून साखरेच्या पाकाची बाटली आणि एक लेबल दिलं. "पेशंटचं नाव मनानं लिवा. खऱ्या माणसाचं नको."

मी 'महाराणी शिंकराबाई' लिहिणार होते. हात मात्र लिहून मोकळा झाला: मनुबाई, वय ६१. या नावाचं मी कुणालाच ओळखत नाही.

काकांनी लेबल वाचलं आणि कोपऱ्यातलं कपाट उघडलं. आत सात बाटल्या. लेबलांवर सात वेगवेगळी हस्ताक्षरं. प्रत्येकीवर मनुबाई, वय ६१. झाकणं घट्ट, आणि सगळ्या रिकाम्या.

"दर वरसाला कोणतरी लिवतंयच," काका म्हणाले. "झाकण कोण काढत न्हाई. तरी संपती."

अश्लेषाची नखं माझ्या दंडात रुतली. मी हातातल्या बाटलीकडे बघितलं. पाक बोटभर खाली उतरला होता. बघता बघता दोन बोटं.

"पण काका, तिला होतंय काय?"

"ते कोण इचारतंय, पोरी? औषध भरणारी लय आली."

मी बाटली तोंडाशी धरली. "आजी, तुम्हाला काय त्रास होतोय?"

पाक थांबला. काचेवर आतून वाफ धरली, पलीकडून कुणी अगदी जवळ येऊन श्वास सोडावा तशी. बाटली हाताला लागली तापलेल्या कपाळासारखी. मयूरी दाराबाहेर पळाली. मी नाही पळाले. निघेपर्यंत विचारत राहिले, आणि तोवर एक थेंबही कमी झाला नाही.

घरी भिंतीला टेकून पाटी वाळत होती.

"काय मग, बघून आलीस डी.फार्म?" बाबा म्हणाले. "फार तर चार वर्षांचं बी.फार्म कर. त्याच्यापुढं नाही."

"आई, बाबा, दोघंही ऐका. मी डी.फार्म नाही, फार्म.डी करणार. सांगलीलाच. त्यात वॉर्डात जाऊन पेशंटला आधी विचारायला शिकवतात."

"अगं, पण किती वर्षं?" आईने विचारलं.

"सहा. आणि मी जाणार म्हणजे जाणार, आई. मी तिला तसं सांगून आलेय."